आधी उतरण्याची जागा



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि मंडळी गप्पांत रमली. अभ्यासिकेतली मुले एका कोपऱ्यात मोबाईलवर काहीतरी पाहत होती. आम्हीही डोकावलो. रंगीत कापडाच्या कमानीखाली दोऱ्यांना लटकलेला एक माणूस बर्फाच्या डोंगरांशेजारून पाखरासारखा तरंगत चालला होता. वस्तीतल्या एका आजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, "हा पडत कसा नाही रे?"

"आजी, याला पॅराग्लायडिंग म्हणतात. हा माणूस जर्मनीचा आहे. दोन महिने आपल्या हिमाचलात राहून नुसता उडतोय."

"दोन महिने? घरदार सोडून? मग एवढ्या वर जाऊन त्याला मिळवायचंय तरी काय?"

मुले हसली. पण त्याच घोळक्यातला एक तरुण हसला नाही. स्पर्धा परीक्षेचे त्याचे हे सहावे वर्ष. आई चार घरची धुणीभांडी करते. दोन वेळा थोडक्या गुणांनी त्याचे नाव यादीतून राहिले. तो हळूच म्हणाला, "आजी, मिळवायचं काय, ते सगळ्यांचं ठरलेलं असतं. नाही मिळालं तर काय करायचं, तेवढं कुणी सांगत नाही."

या वाक्याने त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आजींच्या आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी सापडेल असे वाटले, म्हणून पुढचे काही दिवस आम्ही या उडणाऱ्या माणसांविषयी मिळेल ते वाचून काढले. त्यातले जे आपल्या उपयोगाचे, ते आज सांगतो.

कापडाचा पंख

पॅराग्लायडर म्हणजे इंजिन नसलेला आणि लाकडा-लोखंडाचा सांगाडाही नसलेला कापडी पंख. नायलॉनच्या दुहेरी कापडात पुढच्या बाजूने हवा शिरते, आतले कप्पे फुगतात आणि पंखाला आकार येतो. बारीक पण मजबूत दोऱ्यांनी खाली एक बैठक टांगलेली असते. सारे सामान पाठीवरच्या पिशवीत मावते. हवा शांत असली तर हा पंख एक मीटर खाली येईपर्यंत आठ-दहा मीटर पुढे जातो.

मग तो तासन्‌तास वर राहतो कसा? त्याचे उत्तर घारीपाशी आहे. दुपारच्या उन्हात घार पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढते, हे आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. उन्हाने सारी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेले रान, खडक, गावाची छपरे लवकर तापतात. हिरवे शेत आणि तळे उशिरा. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर जाते. घारीला तो खांब सापडतो. पॅराग्लायडरचा वैमानिकही तोच शोधतो. त्याच्याजवळचे एक लहान यंत्र वर चढू लागताच टीं टीं वाजते. एका खांबात उंची मिळवायची, पुढे सरकायचे, खाली येता येता दुसरा खांब गाठायचा. अशा रीतीने माणूस थेंबभरही पेट्रोल न जाळता शेकडो किलोमीटर जातो.

या खेळाची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. १९७८ साली फ्रान्समधील मिएसी गावच्या डोंगरावरून जाँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ या तिघांनी हवाई छत्री घेऊन उतारावरून धावत उड्डाण केले. त्यांना छत्रीने उड्या मारायचा छंद होता, पण दर उडीला विमानाचा खर्च परवडत नव्हता. विमान नाही तर नाही, डोंगर तर आहे! खिशात पैसे कमी होते म्हणून डोके चालले.

आज मात्र एका नव्या पंखाची किंमत लाखांत जाते, तेव्हा हा खेळ आपल्या खिशाचा नाही हे उघड आहे. तरीही तो केवळ श्रीमंतांचा आहे असेही नाही. हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यात बीर नावाचे गाव आहे. तेथे तिबेटी निर्वासितांची वसाहत आणि बौद्ध मठ आहेत. गावावरच्या बिलिंग या सुमारे २४०० मीटर उंचीच्या जागेवरून उड्डाणे होतात. २०१५ साली तेथे या खेळाच्या जागतिक चषकाची स्पर्धा झाली. आसपासच्या खेड्यांतली मुले हे कसब शिकली, पर्यटकांना पुढे बसवून उडवतात आणि त्यावर घर चालवतात. आपल्या महाराष्ट्रातही कामशेत आणि पाचगणीच्या परिसरात हे शिक्षण मिळते.

वहीतील ध्येये

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. जर्मनीचा माणूस दोन महिने आपल्याकडे का राहतो?

युरोपात हिवाळा लागला की ऊन कोवळे होते आणि हवेचे खांब दुबळे होतात. तेव्हा ज्यांना हे वेड आहे ते रजा साठवून, पैसा साठवून उन्हाच्या देशात जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुणी आपल्या बीरला येतो, तर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कुणी ऑस्ट्रेलियाला जातो, कारण तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. आठ दिवसांत भागत नाही. काही दिवस पावसात जातात, काही वाऱ्यात. नव्या जागेची हवा ओळखायलाच दोन आठवडे लागतात.

असा माणूस निघण्यापूर्वी वहीत आपली ध्येये लिहितो. सलग पाच तास हवेत राहायचे. एका उड्डाणात शंभर किलोमीटर जायचे. जेथून उडालो तेथेच परत येऊन उतरायचे. आखलेल्या वर्तुळात नेमका पाय टेकवायचा. दर दिवशीचे उड्डाण, उंची, अंतर, चूक, सारे तो त्या वहीत टिपतो. या विद्येच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने पाच पायऱ्या आखून दिल्या आहेत. पहिली जमिनीलगत तरंगण्याची आणि शेवटची दूरच्या प्रवासाची. कोण कोणत्या पायरीवर आहे याचे कार्ड असते, ते परदेशातही दाखवता येते. पहिली पायरी सोडून पाचवीवर उडी मारता येत नाही.

आम्ही ही ध्येये नीट पाहिली तेव्हा त्यांचे दोन प्रकार दिसले. पहिला प्रकार आकड्यांचा. शंभर किलोमीटर हा आकडा वैमानिकाच्या एकट्याच्या हातात नसतो. ऊन, वारा आणि ढग या तिघांची संमती लागते. दुसरा प्रकार सवयींचा. रोज सकाळी हवामान स्वतः समजून घ्यायचे. उडण्यापूर्वी प्रत्येक दोरी, प्रत्येक बकल तपासायचे. वारा कमी असेल त्या दिवशी जमिनीवर उभे राहून पंख सांभाळण्याचा सराव करायचा. कोणत्या मार्गाने जाणार ते सोबत्यांना सांगून जायचे. हवेत असताना उतरण्याजोगी एक तरी जागा सतत नजरेत ठेवायची. आणि शंका आली त्या दिवशी उडायचे नाही. ही ध्येये पूर्णपणे स्वतःच्या हातातली. ती पार पाडली तर शंभर किलोमीटर कधीतरी होण्याचा संभव असतो. ती सोडली तर शंभर किलोमीटर झाले तरी तो योगायोग.

खरी परीक्षा शेवटच्या आठवड्यात असते. परतीचे तिकीट जवळ आलेले, पैसा संपत आलेला आणि वहीतला मोठा आकडा अजून कोराच. घरी गेल्यावर लोक विचारणार, मित्र हसणार. मग जो दिवस उडण्याचा नाही त्या दिवशीही उडावेसे वाटते. आकाश तेच असते, पण पाहणाऱ्याची नजर तिकिटाच्या तारखेने बदललेली असते. सहा वर्षे अभ्यास करणाऱ्या मुलाला आणि त्याच्या वयोमर्यादेला हे लागू पडत नाही काय?

मनिलाचा ढग

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात मनिला नावाचे लहानसे गाव आहे. फिलिपाइन्सची राजधानी ती वेगळी. हे शेतकऱ्यांचे गाव. त्याच्याजवळ माउंट बोरा हा डोंगर आहे. १९९८ साली गॉडफ्री वेनेस यांनी या डोंगरावरून ३३५ किलोमीटरचे उड्डाण करून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. जगभरचे वैमानिक तेथे येऊन मुक्काम ठोकतात.

२००७ च्या फेब्रुवारीअखेर मनिलात या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा व्हायची होती. सरावासाठी अनेक देशांचे खेळाडू आधीच आले होते. त्यांत पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीच्या संघातून खेळणाऱ्या एव्हा विश्निएर्स्का होत्या. नवख्या नव्हेत, नावाजलेल्या खेळाडू. १४ फेब्रुवारी २००७ रोजी त्या सरावासाठी उडाल्या. आकाशात वादळी ढग वाढत होते. त्यांना चुकवून पुढे जाता येईल असा त्यांचा अंदाज होता. अंदाज चुकला आणि ढगाने त्यांना आत ओढले.

वादळी ढगात हवा इतक्या जोराने वर जाते की तेथे पॅराग्लायडर खाली आणण्याचे सारे उपाय थिटे पडतात. विश्निएर्स्का खाली येण्याची धडपड करीत होत्या आणि वर वर चालल्या होत्या. गारांचा मारा, काळोख, गोठवणारी थंडी आणि विरळ होत जाणारी हवा. त्या बेशुद्ध झाल्या. त्यांच्याजवळच्या यंत्राने नोंदवलेली सर्वांत जास्त उंची होती ९९४६ मीटर! एव्हरेस्ट शिखर ८८४९ मीटरचे आहे. म्हणजे त्याच्याही हजारभर मीटर वर एक बेशुद्ध बाई कापडाच्या पंखाला लटकून फिरत होती. अर्ध्या तासाहून अधिक काळानंतर त्या शुद्धीवर आल्या. पंख फाटला नव्हता. त्या उतरल्या तेव्हा उड्डाणाच्या जागेपासून सुमारे साठ किलोमीटर दूर होत्या. कान आणि पाय हिमदंशाने पोळलेले, पण जीव वाचला.

त्याच वादळात सापडलेले चीनचे वैमानिक 'हे झोंगपिन' मात्र वाचले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह मिळाला. तेही मायदेश सोडून, काही ध्येय मनात धरूनच तेथे आले असतील. त्यांच्या घरीही कुणी वाट पाहत असेल.

ही हकिकत जगभर छापून आली, ती त्या उंचीच्या आकड्यामुळे. पण आम्हाला एक वेगळीच गोष्ट आठवत राहते. तेच ढग पाहून वेळेवर खाली उतरलेले वैमानिकही त्या दिवशी होते. त्यांनी पंखाची घडी घातली, पिशवी पाठीवर टाकली आणि शेतातून चालत रस्ता गाठला. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या वहीत त्या दिवशी मोठा आकडा लिहिला गेला नसेल. पण पुढची पाने लिहायला ते राहिले.

विश्निएर्स्का यांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. अंदाज कुणाचाही चुकतो. एवढेच शिकायचे की कौशल्य कितीही असले तरी आकाशाला आपल्या वहीतला आकडा वाचता येत नाही. म्हणून जाणती माणसे मागे फिरण्याची खूण आधीच, जमिनीवर असताना, डोके शांत असताना ठरवून ठेवतात. अमुक इतका ढग वाढला की उतरायचे. अमुक वाजेपर्यंत खांब सापडला नाही की परतायचे. हवेत गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्याचा निर्णय शेवटी ढगच घेतो.

लंडनहून परतलेला विद्यार्थी

आमचे काही मित्र म्हणतील, तुम्ही मुलांना माघार शिकवता काय? बाबासाहेबांनी कधी माघार घेतली होती काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही बाबासाहेबांच्या चरित्रातूनच देऊ. एखाद्याच्या छंदाशी त्यांच्या कार्याची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. पण परदेशातील मुक्काम आणि मनातील ध्येय यांचा त्याहून मोठा धडा आम्हाला माहीत नाही.

१९१३ साली बडोदा संस्थानची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली. १९१६ साली ते लंडनला आले, तेथे अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली दोन्ही अभ्यास अर्धे टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. महायुद्धाचे दिवस. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली. त्या दिवशी कुणी हिशेब मांडला असता तर म्हणाला असता, लंडनचे ध्येय फसले.

परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती! ते उतरले, पण उतरण्याची जागा निवडून उतरले. पुढे बडोद्याचा अपमान सोसला, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. इकडे रमाईंनी काटकसरीने संसार रेटला. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले, पुढे बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. १९१७ साली बोटीवर चढलेला तो विद्यार्थी हरलेला होता, असे म्हणण्याची आज कुणाची छाती आहे?

घरात काय करावे?

मातापित्यांना आमची विनंती आहे. मुलगा पुण्याला शिकायला जावो, मुलगी परीक्षेला बसो, की घरचा कर्ता आखाती देशात दोन वर्षांच्या करारावर जावो, ध्येय जरूर लिहा. पण आकड्याशेजारी सवयी लिहा, आणि मागे फिरण्याची खूणही लिहा. किती प्रयत्न, किती वर्षे, किती पैसा, आणि त्यानंतर कोठे उतरायचे? उतरल्यावर हाताशी काय असेल? हे सगळे घरातल्यांनी एकत्र बसून, निकालाच्या आदल्या रात्री नव्हे तर आजच ठरवावे. आणि मुलगा परत आला तर दारात त्याला "किती मिळाले?" असे विचारू नका. आधी पाणी द्या.

भगवान बुद्धांनी अप्पमादाला फार वरचे स्थान दिले. अप्पमाद म्हणजे सावधपणा, जागेपणा. भित्रेपणा नव्हे. भित्रा माणूस डोंगरावर चढतच नाही. सावध माणूस चढतो, उडतो आणि ढग ओळखतो.

त्या तरुणाला आम्ही घरी बोलावले. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, जमाखर्च मांडणे एवढेच आम्हाला येते. तेच त्याच्यासोबत केले. वहीच्या एका बाजूला त्याने लिहिले, आणखी एकच प्रयत्न. दुसऱ्या बाजूला, त्यासोबत आजपासून संध्याकाळी हिशेबाचे आणि संगणकाचे काम शिकणे. त्याखाली तारीख घातली. त्याची आई शेजारी बसून होती. ती म्हणाली, "भाऊ, मी त्याला साहेब हो असं कधी म्हटलंच नव्हतं. पायावर उभा राहा, एवढंच म्हटलं होतं." मुलगा आईकडे पाहतच राहिला. सहा वर्षांत हे त्याने तिला विचारले नव्हते आणि तिनेही सांगितले नव्हते.

परवा विहाराच्या पायरीवर आजी भेटल्या. त्यांना आम्ही मनिलाची हकिकत सांगितली. त्यांनी विचारले, "मग त्या बाईला ढग दिसला नव्हता व्हय?"

"दिसला होता, आजी."

"दिसला असून गेली?"

"होय आजी. आपणही जातो."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे पेपरात लिहा."

म्हणून लिहिले. जयभीम!